माहेरी जाताना गोळी

परवा जेवताना लेकीने विचारलं, "आई, आजीकडे जाताना मलेरियाच्या गोळ्या घेऊ का गं?"

तिला हो किंवा नाही एवढंच उत्तर हवं होतं. तिची शाळा नुकतीच संपलीय, कॉलेज सुरू व्हायला अवकाश आहे आणि पहिल्यांदाच ती एकटी मुंबईला चाललीय. यादीतल्या बाकीच्या गोष्टींवर मी फटाफट उत्तरं दिली होती. रेनकोट घे, छत्री तिथेच विकत घे, आजीसाठी बदाम नकोत, तिला चावत नाहीत. गोळ्यांपाशी मात्र अडले. "बघू" म्हटलं आणि उगाच आमटी ढवळत बसले.

कारण हा प्रश्न आमच्या घरात आधी एकदा येऊन गेलाय. आणि तेव्हा तो नुसता औषधाचा प्रश्न राहिला नव्हता.

गोष्ट २०१५ ची. लेक तेव्हा सात वर्षांची. आम्ही राहतो न्यू जर्सीत. इथल्या शाळा जूनच्या शेवटी सुटतात त्या थेट सप्टेंबरात भरतात. म्हणजे मुलंबाळं असलेल्या आम्हा सगळ्याजणींचं माहेरपण भर पावसाळ्यात. आंबे संपलेले असतात, गणपती यायचे असतात आणि डासांचा मात्र ऐन मोसम असतो. आई दर वर्षी म्हणायची, "मे महिन्यात ये गो एकदा." आणि मी दर वर्षी तिला शाळेचं कॅलेंडर वाचून दाखवायचे.

आईचं घर लालबागला. चाळ, दुसरा मजला, दहा बाय बाराची खोली आणि पुढे सामायिक गॅलरी. चारही बाजूंनी गिरण्या पडून टॉवर उभे राहत होते. पाया खणलेला, त्यात पावसाचं पाणी साठलेलं, वर पत्र्याचं कुंपण.

तर लेकीच्या डॉक्टरबाईंकडे टायफॉइडच्या लसीसाठी गेले होते. त्यांनी विचारलं कुठे जाताय, मी म्हटलं मुंबई, आणि त्यांनी लगेच मलेरियाच्या गोळ्यांचा विषय काढला. मला चक्क राग आला. म्हटलं, अहो, मी काही जंगलात चालले नाहीये. मी तिथे वाढलेय, माझी आई राहते तिथे! बाई शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही वाढलात, ही नाही. आणि तुम्हीसुद्धा आता तिथल्या राहिला नाहीत."

हे वाक्य मला फार लागलं. त्या बोलत होत्या रक्ताबद्दल, पण मी ऐकलं ते वेगळंच.

त्यांचं म्हणणं असं. मलेरियाच्या मुलखात ज्यांना लहानपणापासून तो पुन्हा पुन्हा होतो, त्यांच्या अंगात थोडी प्रतिकारशक्ती तयार होते. ती अर्धीमुर्धीच असते आणि मुलूख सोडला की काही वर्षांत विरून जाते. (माझ्याकडे ती कधी होती का, हाही प्रश्नच. मला मलेरिया एकदाच झाला, नववीत. पालिकेच्या दवाखान्यात बोटाला सुई टोचून काचेवर रक्त घेतलं होतं आणि क्लोरोक्विनच्या चार कडूजहर गोळ्या एकदम गिळायला लावल्या होत्या. तीन गोधड्यांखाली दात वाजत होते ते अजून आठवतं. एवढ्यावर काय प्रतिकारशक्ती येणार!) दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला माहीतच नव्हती. अमेरिकेत त्या काळात दर वर्षी साधारण २ हजार लोक बाहेरून मलेरिया घेऊन यायचे. त्यातले बहुतेक आफ्रिकेतून आलेले. पण गंमत म्हणजे त्यात सफारीला गेलेले हौशी पर्यटक कमी आणि स्वतःच्या गावी, आईवडिलांना भेटायला गेलेले जास्त. कारण उघड आहे. परक्या देशात माणूस जपून राहतो. माहेरी कोण जपून राहतं?

मग कोणती गोळी यावर चर्चा. क्लोरोक्विन बाद, कारण जीवघेण्या फॅल्सिपेरम मलेरियाला ते आता पुरं पडत नाही. डॉक्सिसायक्लिन आठ वर्षांखालच्या मुलांना देत नाहीत, दातांवर डाग पडतात. मेफ्लोक्विन आठवड्याला एकच घ्यायची म्हणून सोयीची, पण तिच्यावर २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध खात्याने कडक इशारा छापायला लावला होता. चक्कर, भीती, भास, आणि काही वेळा हे त्रास गोळी थांबवल्यावरही टिकून राहतात. सात वर्षांच्या पोरीला कशाला ते? उरली अटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल, म्हणजे मॅलॅरोन. निघण्याआधी एक-दोन दिवस सुरू करायची, रोज घ्यायची, आणि परत आल्यावर आणखी सात दिवस. लेक बावीस किलोची, म्हणून तिला मुलांच्या दोन छोट्या गोळ्या रोज. मी चिठ्ठी घेतली आणि पर्समध्ये टाकली. औषध आणायला आठ दिवस गेलेच नाही.

त्या आठ दिवसांत दोन फोन झाले.

पहिला आईला. मी सहज बोलता बोलता सांगितलं. पलीकडे जरा वेळ काहीच आवाज नाही. मग आई म्हणाली, "म्हणजे जेवायला बोलावलेल्या पाहुण्याने घरून पोटाची गोळी घेऊन यावं, तसं झालं हे." मी हसण्यावारी न्यायला बघितलं. ती हसली नाही. "मी रोज पिंप धुते, पिंपाला फडकं बांधते. कुंड्यांखालच्या बशा ओतते. ये बघायला." फोन ठेवताना नेहमीसारखं "जप" म्हणाली, पण त्या शब्दाला धार होती.

दुसरा ताईला. माझी थोरली बहीण लंडनजवळ राहते. त्या वर्षी आम्ही दोघींनी एकाच वेळी माहेरी जायचं ठरवलं होतं, बारा वर्षांनी. म्हटलं, ताई, तुझ्या मुलांच्या मलेरियाच्या गोळ्या आणल्यास का? ती म्हणाली, "कसल्या गोळ्या? आमच्या नर्सने सांगितलं, मुंबईला गोळ्या लागत नाहीत. डास चावू देऊ नका आणि ताप आला तर लगेच रक्त तपासा, बास."

मी थक्क. एकच आई, एकच खोली, एकच डास. अमेरिकेतून येणाऱ्या नातीला गोळी आणि इंग्लंडातून येणाऱ्या नातवंडांना नाही! मला वाटलं दोघांपैकी कुणीतरी चुकतंय. नंतर वाचत गेले तेव्हा कळलं की चुकत कुणीच नाही. दोन्हीकडे आकडे साधारण तेच, तराजू वेगळा. इंग्लंडच्या लोकांनी बघितलं, भारतातून परतणाऱ्या एवढ्या माणसांत मलेरिया घेऊन येणारे किती थोडे. त्यांतही बहुतेकांना व्हायवॅक्स झालेला, जो छळतो खूप पण मारतो क्वचित. एवढ्यासाठी सगळ्यांना रोज गोळी चारायची, तर गोळीनेच त्रास होणारे जास्त निघतील. म्हणून बहुतेक भारतासाठी नुसती काळजी, आणि गोळ्या फक्त जास्त धोक्याच्या भागांसाठी. अमेरिकेचं म्हणणं, रोग आहे ना तिथे? टाळता येतो ना? मग टाळा. एकाने सगळ्यांचा मिळून हिशोब केला, दुसऱ्याने एकेकट्याचा. आणि मी एकीच आई होते, एका मुलीची. मला सगळ्यांच्या हिशोबाचं काय करायचं होतं?

खरं सांगायचं तर निर्णय या वाचनाने झालाच नाही. तो झाला २०१० मुळे.

मुंबईत त्या वर्षी मलेरियाने थैमान घातलं होतं. ७५ हजारांच्या वर रुग्ण, शंभराहून जास्त मृत्यू. आमच्या चाळीत खालच्या मजल्यावरचा एक मुलगा त्यात गेला. सव्वीस वर्षांचा. रविवारी ताप आला, व्हायरल असेल म्हणून तीन दिवस क्रोसिन घेत कामावर जात राहिला, गुरुवारी त्याला ओळखेना माणसं. फॅल्सिपेरम निघाला, मेंदूपर्यंत गेलेला. शनिवारी सगळं संपलं. मी त्याला कडेवर खेळवलेलं. मला ही बातमी फोनवर आईनेच दिली होती, आणि मी तेव्हा न्यू जर्सीत स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून राहिले होते.

गोळ्या आणल्या. आईला पुन्हा काही बोलले नाही.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही पोचलो, ताई दोन दिवसांनी. त्या दहा बाय बारात सात माणसं. रात्री जेवणं झाली की मी लेकीला हाक मारायचे, दुधाचा कप द्यायचे, गोळ्या द्यायचे, आणि ताईची दोन मुलं टकामका बघत बसायची. "मावशी, ती आजारी आहे का?" धाकट्याने विचारलं. आई भांडी लावत होती. भांड्यांचा आवाज जरा मोठा झाला.

तिसऱ्या रात्री लेकीला उलटी झाली. चौथ्या रात्रीही. तासाभरात उलटली तर गोळी पुन्हा द्यायची असते, म्हणजे पुन्हा रडारड. पाचव्या रात्री तिने तोंडच उघडलं नाही. मी ओरडले. ताई म्हणाली, "सोड ना गं. आमची पोरं बघ, घेतायत का काही? जाळी लाव, ओडोमॉस चोळ, झालं." मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. समोर टॉवरच्या पायातलं पाणी दिव्यात चकाकत होतं. म्हटलं, थांबवूया. एवढा छळ कशासाठी? मघापासून मनात तेच चाललं होतं, ताईने फक्त ते बोलून दाखवलं.

आत आले तर आई ओट्यापाशी. वाटीत साय काढलेली, त्यात साखर, आणि लाटण्याच्या टोकाने ती गोळ्या चुरत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "दुधाबरोबर गिळायला देतेस, घशाला चिकटते ती. आम्ही तुम्हाला असंच द्यायचो." लेकीने साय-साखर चाटून पुसून खाल्ली आणि आणखी मागितली. उलटी नाही.

(पुढे कधीतरी औषधाच्या बाटलीतला कागद नीट वाचला. ज्या मुलांना गिळता येत नाही त्यांना गोळी चुरून घट्ट गोड दुधात कालवून द्यावी असं त्यात होतं. शिवाय हे औषध स्निग्ध खाण्याबरोबर अंगात जास्त चांगलं शोषलं जातं. म्हणजे साय ही निव्वळ आजीची युक्ती नव्हती, शास्त्राला धरून होती. आईला सांगितलं तर म्हणाली, "कागद वाचून झाल्यावर सांगतेस होय मला?")

मुलं झोपल्यावर मी आईला विचारलं, तुला तर राग आला होता ना गोळ्यांचा? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग खालच्या मजल्याकडे मान करून म्हणाली, "तिला मी रोज बघते. नळावर, बाजारात. अजून शनिवारी ती दार उघडत नाही."

आणि मग, जरा थांबून, "राग गोळीचा नाही. तू ती घेऊन आलीस, म्हणजे इथे काय आहे ते तुला माहीत आहे. आणि मी इथे आहे."

यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. माझ्या मुलीला पाच आठवड्यांची गोळी आहे. आईला जन्मभराची गोळी नसते. जिथे माणसं राहतात तिथे औषध रोज खाऊन भागत नाही. तिथे पाणी झाकावं लागतं, टाक्यांना झाकणं लागतात, पालिकेचा माणूस गच्चीवर चढावा लागतो. मुंबईचा हा डास शहरी आहे, त्याला गटार नको, स्वच्छ पाणी हवं. शंभर वर्षांपूर्वी तो विहिरींत वाढायचा. १९११ साली बेंटली नावाच्या डॉक्टरने मुंबईच्या मलेरियावर अहवाल लिहिला तेव्हा त्याचं बोट विहिरींकडेच होतं, आणि मग कितीतरी विहिरी झाकल्या, बुजवल्या गेल्या. पुढे तोच डास गच्चीवरच्या टाक्यांत गेला, मग बांधकामांत. निघण्याआधी मी आईच्या खिडक्यांना जाळ्या बसवून घेतल्या. सुताराने दोन तासांत काम केलं. दहा वर्षं आधी सुचायला हवं होतं.

आम्ही परतलो. लेकीचे पुढचे सात दिवस मी घड्याळ लावून पुरे केले, इथल्या क्रीममध्ये गोळी कालवून. (साय ती साय.) माझ्या स्वतःच्या गोळ्या? चार दिवस घेतल्या, मग जेटलॅग, ऑफिस, राहूनच गेलं. आणि बरं, सगळ्या घेतल्या असत्या तरी पुरता निर्धास्तपणा नसतोच. व्हायवॅक्सचे जंतू यकृतात झोपून राहतात, ही गोळी त्यांना उठवत नाही की मारत नाही. महिन्यांनी जागे होऊ शकतात. त्यामुळे पुढच्या जूनपर्यंत घरात कुणाला कणकण आली की मी डॉक्टरांना आधी सांगायचे, आम्ही भारतात जाऊन आलोय, रक्त बघा. एकदा बघितलंही. साधा फ्लू होता. आणि डेंग्यूवर तर या गोळीचा काडीइतका उपयोग नाही. तो डास वेगळा, दिवसा चावणारा.

काहीच झालं नाही कुणाला. माझ्या लेकीला नाही, गोळी न घेतलेल्या ताईच्या मुलांना नाही. ताई अजून म्हणते, "बघ, मी म्हटलं होतं ना." मीही मनात म्हणते, बघ, मी गोळी दिली म्हणून. आमच्यापैकी कोण बरोबर होतं हे कळायचा काही मार्ग नाही. टाळलेला आजार दिसत नाही ना कधी.

असो. तर लेकीचा प्रश्न.

दुसऱ्या दिवशी तीच माझ्यासमोर लॅपटॉप घेऊन बसली. तिने सगळं वाचून काढलं होतं. देशभरात २०१५ मध्ये मलेरियाचे साडेअकरा लाखांच्या वर रुग्ण नोंदले होते, २०२३ मध्ये सव्वादोन लाखांच्या आसपास. आजीची चाळ जाऊन तिथे टॉवर झालाय, आजी सतराव्या मजल्यावर, खिडक्यांना जाळ्या. "मुंबईत मी नाही घेणार," म्हणाली. "फवारा मारेन, रात्री पंख्याखाली झोपेन. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासेन, प्रॉमिस. पण भामरागडला घेणार."

भामरागडचं तिने आधी सांगितलं होतं, मीच कानाआड केलं होतं. माझी कॉलेजची मैत्रीण गडचिरोलीत त्या बाजूला शिक्षिका आहे, तिच्याकडे लेक दोन आठवडे राहणार आहे. जंगल, पावसाळा, आणि फॅल्सिपेरम. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा वर्षानुवर्षं तिकडचा. मैत्रिणीला फोन केला तर ती म्हणाली, "गोळ्या तर घेऊच दे. पण मुख्य म्हणजे पर्लकोटेला पूर आला की आमचा रस्ता बंद. मग ताप आला आणि मोठं हॉस्पिटल गाठायचं झालं तर पाणी उतरेपर्यंत बसायचं." हे मात्र कुठल्या नकाशात नव्हतं. धोका किती, यापेक्षा धोका उलटलाच तर मदत किती लांब, हे मी २०१५ मध्ये विचारलंच नव्हतं. लालबागहून मोठं हॉस्पिटल दहा मिनिटांवर. खालच्या मजल्यावरच्या पोराचं हॉस्पिटल लांब नव्हतं, तीन दिवस हातचे गेले होते.

ताईला सांगितलं. माझी नर्सवाली ताई! म्हणाली, "तिकडे जातेय? मग घेऊ दे बाई."

गोळ्या आल्या काल. बाटलीवर ग्लेनमार्कचं नाव. कंपनी मुंबईची. म्हणजे औषध तिथूनच निघून इथे आलं आणि आता लेकीबरोबर परत निघालंय. मुंबईत न घेता पुढे नेणार हे मला अजून पटत नाहीये. जीभ चावून गप्प बसलेय. निर्णय तिचा आहे, आणि खरं तर तिने माझ्यापेक्षा नीट विचार करून घेतलाय.

रात्री आईचा फोन. लेकीने आजीला सगळं सविस्तर सांगितलं, कुठे घेणार, कुठे नाही, का. स्पीकरवर होतं, मी भाजी चिरत ऐकत होते. आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"मग साय धरून ठेवू का गं? आता पिशवीच्या दुधाला येत नाही फार. चार दिवसांची साठवायला लागेल."

"आजी, आता मी नुसती गिळते गं."

"बरं," आई म्हणाली. जरा थांबून म्हणाली, "ठेवते तरी."